“सर, एक डाऊट होता…”: कॉलेजच्या ऑनलाइन चर्चागटांची पन्नास वर्षं

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन घालून ऐकणं जमत नाही, कारण दोन्ही हात वरच्या कडीला अडकलेले असतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना जे “अं… म्हणजे…” होतं ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि सर्च करा: “टीवाय बीकॉम ऑफिशियल”, “एसई कॉम्प बी डिव्हिजन”, “मॅथ्स थ्री डाऊट्स”. असा एखादा ग्रुप सापडेलच. सापडला नाही तर तो आर्काइव्हमध्ये टाकलेला असेल! कॉलेजच्या कोर्ससोबत एक ऑनलाइन ग्रुप असतो, हे आपण इतकं गृहीत धरलंय की हे कुठून आलं, कुणी पहिल्यांदा केलं, आणि मूळ कशासाठी केलं होतं, हा प्रश्नच पडत नाही. आज तोच इतिहास.

आणि हा इतिहास मी आपल्या पट्ट्यातून बघणार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कारण चर्चागटाची गरज खरी कुणाला असते? हॉस्टेलवर राहणाऱ्याला नाही. त्याला रात्री अकरा वाजता बाजूच्या खोलीचं दार वाजवता येतं. गरज असते ती लेक्चर संपल्यावर पळत स्टेशन गाठणाऱ्याला. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. अंबरनाथ ६०, उल्हासनगर ५८. आपल्याकडे कॉलेजं आहेतच: उल्हासनगरला चांदीबाई, तलरेजा, बदलापूरला आदर्श. पण इंजिनिअरिंगसाठी, लॉसाठी, एखाद्या वेगळ्या विषयासाठी हजारो पोरं-पोरी रोज माटुंगा, विद्याविहार, वाशी, चर्चगेट गाठतात. शेवटचं लेक्चर संपल्यावर सरांभोवती जे पाच-सात जण जमतात ना, त्यात बदलापूरचा मुलगा क्वचितच असतो. त्याची शंका त्याच्याबरोबर ट्रेनमध्ये चढते आणि दिव्याच्या आसपास विसरली जाते.

ही शंका सरांपर्यंत पोहोचवायची कशी? या एका प्रश्नाभोवती आजचा सगळा एपिसोड फिरतो.

पोस्टमनचा जमाना

इंटरनेटच्या आधी या प्रश्नाला एकच उत्तर होतं, टपाल. भारतात विद्यापीठ पातळीवरचं पत्राद्वारे शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलं. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षण विभाग आला १९७१ मध्ये. आपण ज्याला अनेक वर्षं ‘आयडॉल’ म्हणत आलो, तीच ही संस्था. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी अभ्यास करणाऱ्यांसाठी ती मोठी सोय होती. आमच्या पट्ट्यात ऑर्डनन्स फॅक्टरीत, एमआयडीसीत, दुकानात काम करत पदवी घेतलेली एक अख्खी पिढी आहे. तुमच्या काकांना विचारून बघा.

मग १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. मुक्त विद्यापीठाने एक गोष्ट ओळखली होती: नुसती पुस्तकं घरी पाठवून भागत नाही, माणसाला माणूस लागतो. म्हणून गावोगावी अभ्यासकेंद्रं आणि तिथे सुट्टीच्या दिवशी ‘संपर्क सत्रं’.

आता या व्यवस्थेचा हिशोब करा. पुस्तक वाचताना मंगळवारी रात्री शंका आली. पत्र लिहिलं तर उत्तर यायला काही आठवडे. संपर्क सत्राची वाट बघितली तर पुढचा रविवार, किंवा त्याच्या पुढचा. तोपर्यंत शंका शिळी. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. समजा उत्तर आलं, तर ते एकालाच मिळालं. तीच शंका अंबरनाथच्या आणखी वीस जणांना असेल, पण त्यांना पत्ताच नाही. टपालातून धडा पोहोचत होता, वर्ग पोहोचत नव्हता.

सतरा वर्षांचा पोरगा आणि एक खोडसाळ फाइल

आता जरा अमेरिकेत जाऊ. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक संगणक यंत्रणा होती, शिकवण्यासाठीच बनवलेली. एका मोठ्या कॉम्प्युटरला अनेक टर्मिनल जोडलेले, त्यावर धडे. तिच्यात काही बिघाड दिसला तर लिहून ठेवायला एक सामाईक फाइल होती. कुणीही उघडा, कुणीही लिहा. आणि अर्थातच, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडा! कोणी काय लिहिलं तेही कळायचं नाही.

१९७३ मध्ये डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला हे नीट करायला सांगितलं. त्याने काय केलं? प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ चिकटवली, दुसऱ्याला ती खोडता येणार नाही अशी सोय केली, आणि प्रत्येक नोंदीखाली उत्तरं लिहायला जागा दिली. झालं. ‘प्लेटो नोट्स’. प्रश्न, त्याखाली उत्तरं, सगळ्यांना दिसणारी. आज तुम्ही रेडिटवर बघता तो साचा हाच.

मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला यातली एक गोष्ट फार आवडते. हे शिक्षणतज्ज्ञांच्या समितीने ठरवलेलं नव्हतं. बग रिपोर्ट करायचं साधन होतं. लोकांनी ते चर्चेसाठी वापरायला घेतलं.

कोर्ससाठी म्हणून मुद्दाम असं काही करायचा मोठा प्रयत्न झाला न्यू जर्सीत. तिथे मरे टुरॉफ यांनी १९७० च्या दशकात संगणकावरून बैठका, चर्चा घ्यायची यंत्रणा उभी केली होती. त्यांच्या सहकारी स्टार रॉक्सेन हिल्ट्झ या समाजशास्त्रज्ञ. पुढे ऐंशीच्या दशकात दोघांनी तिच्यावर खरे कॉलेज कोर्स चालवले आणि त्याला नाव दिलं ‘व्हर्च्युअल क्लासरूम’. हिल्ट्झबाईंनी नुसती वाहवा केली नाही, मोजमाप केलं. त्यातून निघालेली गोष्ट आजही तितकीच लागू आहे: ऑनलाइन वर्ग चालतो की नाही हे मशीनवर कमी आणि शिक्षक त्यात किती वेळा येतो, विद्यार्थी एकमेकांशी बोलतात की नाही, यावर जास्त अवलंबून. शिक्षक गायब झाला की गट मरतो. ही ओळ लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जुहू ते पवई, आणि मग सायबर कॅफे

भारतात हे कधी आलं? सुरुवात आपल्या मुंबईतच आहे. १९८६ च्या सुमारास जुहूचं एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि पवईचं आयआयटी यांच्यात फोन लाइनवरून ईमेल सुरू झाली. त्याच काळात देशातल्या मोजक्या संस्थांना जोडणारं ‘अर्नेट’ उभं राहिलं. पण ते सगळं कुंपणाच्या आत. उल्हासनगरच्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याला त्याचा वाससुद्धा नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तरी घरी कनेक्शन असणं म्हणजे चैन होती. खरा बदल आला सायबर कॅफेंमुळे. लाकडी खोपटं, अर्ध्या तासाचे पैसे आगाऊ, आणि कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली. याच काळात याहू ग्रुप्स आले. याहूने २००० मध्ये ‘ईग्रुप्स’ नावाची कंपनी विकत घेतली होती, त्यातून ते घडले. कल्पना सोपी: एका पत्त्यावर मेल टाका, सगळ्यांना जातो आणि वर जपूनही राहतो. देशभरातल्या बॅचेसनी आपापले ग्रुप काढले. नोट्स, जुने पेपर, कॅम्पस इंटरव्ह्यूत काय विचारलं याच्या याद्या, सगळं त्यावर.

मग २००४ मध्ये ऑर्कुट. आपल्यापैकी थोरल्या श्रोत्यांच्या डोळ्यांत आत्ता पाणी आलं असेल! स्क्रॅप, टेस्टिमोनियल यांच्या आठवणी सगळे काढतात, पण ऑर्कुटची खरी कमाई होती ‘कम्युनिटी’. तुमच्या विद्यापीठाची, तुमच्या शाखेची कम्युनिटी असायची. त्यात टॉपिक उघडायचा, शीर्षक द्यायचं, खाली उत्तरं. म्हणजे वूलीचाच साचा. दोन वर्षांनी येणारा ज्युनिअर तेच शीर्षक शोधून तेच उत्तर वाचू शकत होता.

या दोघांचं पुढे काय झालं? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद, जुना साठा त्याआधीच पुसायला घेतलेला. अक्षरशः लाखो प्रश्नोत्तरं गेली. कॉलेजच्या ग्रंथालयाला आग लागली असती तर पेपरात पहिल्या पानावर बातमी आली असती. इथे एक नोटीस आली आणि आपण पुढच्या अ‍ॅपवर गेलो.

पवईचे प्रयोग

दरम्यान काही लोक हे गांभीर्याने, रीतसर करत होते. त्यातलं पहिलं नाव मूडल. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामस यांनी बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर २००२ मध्ये आलं. हे गृहस्थ लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या अगदी आडरानात वाढले, जिथे शाळा रेडिओवरून भरायची आणि गृहपाठ विमानाने यायचा. दूर राहणाऱ्या पोराची अडचण त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. मूडलमध्ये चर्चेची जागा मध्यभागी असावी यावर त्यांचा भर पहिल्यापासून होता.

आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी २००९ पासून देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिक्षकांना दुरून शिकवायला सुरुवात केली. नाव होतं ‘ट्रेन टेन थाउजंड टीचर्स’. गावोगावच्या केंद्रांत शिक्षक बसलेले, पवईहून थेट व्याख्यान, आणि चर्चेसाठी मूडल. पुढे २०१४ मध्ये त्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स एडएक्स या जागतिक व्यासपीठावर आला. आपल्या पट्ट्यातला मुलगा आणि ब्राझीलमधला मुलगा एकाच धाग्यात ‘लूप का थांबत नाही’ हे विचारू शकत होते.

मला त्याहून हुशार वाटते ती पवईचीच दुसरी गोष्ट, ‘स्पोकन ट्यूटोरियल’. प्रा. कन्नन मौदगल्य यांचा प्रकल्प. मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांच्या चर्चागटात शंका विचारताना तुम्हाला सांगावं लागतं, कोणता व्हिडिओ, कितवं मिनिट, कितवा सेकंद. बघा काय झालं यातून! “सर, मला काही समजलं नाही” असा प्रश्न विचारताच येत नाही. तुम्हाला परत जाऊन बघावं लागतं की नक्की कुठे अडलं. तो शोध घेताना निम्म्या शंका आपोआप सुटतात. आणि उत्तर देणाऱ्यालाही नेमकी जागा मिळते. एवढीशी सोय, पण तिच्यात शिकवण्याचा केवढा अनुभव आहे.

एनपीटेलचे सर्टिफिकेट कोर्स २०१४ ला सुरू झाले, तिथेही दर कोर्सला चर्चागट. २०१७ मध्ये ‘स्वयम’ आलं. त्याच्या आदल्या वर्षीच यूजीसीने काही मर्यादेत या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायची परवानगी दिली होती. म्हणजे चर्चागट आता फावल्या वेळेतला उद्योग राहिला नाही, अधिकृत अभ्यासक्रमाचा भाग झाला.

जी हात वर करत नाही ती

आता एका मुलीची गोष्ट. पूजा नाथ. आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुलं लॅबमध्ये घोळका करून एकमेकांच्या शंका सोडवायची, हिला त्या घोळक्यात शिरायचा संकोच. एकटीने झगडायचं. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेल्यावर, २००९ च्या सुमारास, तिने ‘पियाझा’ बनवलं. कोर्ससाठीचा चर्चागट, ज्यात वर्गमित्रांपासून नाव लपवून प्रश्न विचारता येतो. इटालियन भाषेत पियाझा म्हणजे गावातला चौक. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी तो वापरला.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे प्रश्न न विचारण्याची कारणं ट्रेनपुरती नाहीत. इंग्रजी कच्चं असतं. उल्हासनगरच्या वर्गात सिंधी, हिंदी, मराठी, गुजराती घरांतली मुलं शेजारी बसतात आणि सगळ्यांना एकच भीती, इंग्रजीत विचारताना चुकलो तर हसतील. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांनी अकरावीचं पहिलं वर्ष कसं काढलं ते त्यांनाच विचारा. लिहून विचारायचं असेल तर माणूस दोनदा वाचून, नीट करून पाठवू शकतो. चर्चागटाचा हा फायदा अंतर कमी होण्याइतकाच मोठा आहे.

मार्च २०२०

आणि मग तो महिना. कॉलेजं बंद. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल बंद. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला लोकल बंद म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत प्रवास करता आला तो थेट १ फेब्रुवारी २०२१ पासून, आणि एप्रिलमध्ये परत बंद.

एवढा काळ कॉलेज कुठे होतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. झूम, मीट, गुगल क्लासरूम होतंच, पण लिंक कुठे यायची? ग्रुपवर. रेंज गेली, लेक्चर तुटलं, तर फळ्याचा फोटो कुठे मागायचा? ग्रुपवर. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता, फोन हातात होते. ती जमीन तयार नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. वन-बीएचकेमध्ये चार माणसं, एकाच फोनवर धाकट्याची शाळा आणि थोरलीचं कॉलेज, अशा घरांत लाइव्ह लेक्चर अशक्यच होतं. ग्रुपवरचा मेसेज मात्र रात्री फोन मोकळा झाल्यावर वाचता यायचा. हजर राहायची वेळ आपण ठरवायची, ही चर्चागटाची जुनी ताकद त्या वर्षी लाखो घरांनी अनुभवली.

पण त्याच वर्षी त्याची कमजोरीही दिसली. व्हॉट्सअ‍ॅप गप्पांसाठी बनलंय, वर्गासाठी नाही. शीर्षक नाही. सकाळी विचारलेली शंका दुपारपर्यंत तीनशे मेसेजच्या खाली. “नोट्स आल्या का?” दिवसातून आठ वेळा. नंतर ग्रुपमध्ये आलेल्याला आधीचं काही दिसायचं नाही, त्यामुळे तोच प्रश्न परत. वैतागून सर सेटिंग बदलायचे, फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकेल. ही सोय २०१८ पासून आहे. ती लावली की ग्रुपची नोटीस बोर्ड होते. चौकाला कुलूप!

म्हणजे पन्नास वर्षांचा आलेख बघा. टपाल हळू होतं. याहू आणि ऑर्कुट थोडे जलद होते आणि निदान कंपनी चालू असेपर्यंत लक्षात ठेवायचे. व्हॉट्सअ‍ॅप क्षणात पोहोचतं आणि संध्याकाळी विसरतं. वेग दर वेळी वाढला, स्मरण कमी होत गेलं.

आता शंका जाते कुठे?

२०१६ मध्ये जॉर्जिया टेकचे प्रा. अशोक गोएल यांच्या ऑनलाइन कोर्समध्ये एका सत्रात साधारण दहा हजार प्रश्न-मेसेज यायचे. त्यांनी उत्तरं द्यायला एक एआय सहायक बसवला, ‘जिल वॉटसन’ नावाचा. सत्र संपत येईपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांना ती माणूस नाही हे कळलं नाही. तेव्हा ती जगभर बातमी होती. आज तुमच्या खिशात चॅटजीपीटी आहे आणि रात्री दोन वाजता तो तुमच्या शंकेला न कंटाळता उत्तर देतो, मराठीत विचारलं तरी.

मग चर्चागट हवाच कशाला? मला वाटतं, हाच आजचा खरा प्रश्न आहे. एआयला विचारलेली शंका फक्त तुमची राहते. उत्तर बरोबर असेल, पण शेजारच्या वीस जणांना कळत नाही की हे तुम्हालाही अडलं होतं. सरांना कळत नाही की तिसऱ्या युनिटमध्ये अर्धा वर्ग बुडालाय. आपण फिरून १९७१ च्या पत्रावर आलो: एक प्रश्न, एक उत्तर, एक पाकीट. फक्त पोस्टमन जलद झाला. कोड लिहिणाऱ्यांच्या जगात हे घडताना मी रोज बघतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर नव्या प्रश्नांची संख्या २०२२ नंतर धडाधड घसरली. जुनी उत्तरं वाचून आम्ही शिकलो, नवी कुणी लिहीत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात एखादा कोर्सचा ग्रुप आहे, सीआर असाल, शिक्षक असाल, त्यांच्यासाठी इतिहासातून उचललेल्या चार गोष्टी. एक, शंकांचा ग्रुप आणि सूचनांचा ग्रुप वेगळे ठेवा. दोन, स्पोकन ट्यूटोरियलवाल्यांसारखं करा: युनिट, पान, गणिताचा नंबर लिहूनच शंका. तीन, नाव न देता विचारायची एक वाट ठेवा, साधा गुगल फॉर्मसुद्धा चालेल. चार, आठवड्याच्या शेवटी कुणीतरी दहा मिनिटं काढून आलेल्या शंका आणि उत्तरं एका डॉक्युमेंटमध्ये टाकावी आणि ते पुढच्या बॅचला द्यावं. अ‍ॅप बंद पडेल, बॅच पास होईल, ती फाइल राहील. आणि शिक्षकांना हिल्ट्झबाईंच्या वतीने विनंती: दोन दिवसांतून एकदा तरी डोकावा. एक अंगठा दाखवला तरी पोरांना कळतं की वर्गात कुणीतरी आहे.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. एआयला विचारून जी शंका सुटली, ती एकदा ग्रुपवरही टाका, उत्तरासकट. कुणीतरी ती आत्ता अंबरनाथ सोडताना वाचत असेल, बदलापूर यायच्या आत त्याचं काम झालेलं असेल.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, विचारत राहा.